दारी आलेली तार आणि घरातील वायफाय

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी ती मोजक्या महानगरांपुरती मर्यादित होती. दूरध्वनीच्या तारेवरून येणारे एक चित्र संगणकाच्या पडद्यावर पूर्ण उमटेपर्यंत माणसाचा चहा पिऊन होत असे. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या केली. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. ग्रामपंचायती फायबरच्या तारेने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली; २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. शासकीय यंत्रणा, खासगी कंपन्या आणि गावोगावचे केबलचालक यांच्या प्रयत्नांतून आज तालुक्याच्या गावीच नव्हे, तर अनेक खेड्यांतही ही तार घराच्या दारापर्यंत पोहोचली आहे.

तार पोहोचली, परंतु तिचा लाभ घरातील सर्वांना मिळतोच असे नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा १ मे २०१८ पासून संगणकावर मिळू लागला. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे निकाल, दाखले, बँकेचे व्यवहार ही कामे घरबसल्या होऊ लागली. तरीही ‘ओटीवर नेट येते, माजघरात येत नाही’, ‘महिन्याचे पैसे शंभराच्या वेगाचे भरतो, मिळतो मात्र दहाचा’ अशा तक्रारी सर्रास ऐकू येतात. यांपैकी अनेक तक्रारींचे मूळ गावाबाहेरच्या खांबावर नसते, तर दारापासून घरातील शेवटच्या खोलीपर्यंतच्या तीस पावलांत असते. ही तीस पावले सेवा देणाऱ्या कंपनीच्या हाती नसून घरधन्याच्या हाती आहेत. ती नीट टाकली तर खर्च सत्कारणी लागतो. निष्काळजीपणे टाकली तर पैसा वाया जातोच, शिवाय प्रसंगी निरपराध कुटुंबावर पोलीस चौकशीला तोंड देण्याची वेळ येते.

वायफाय आणि इंटरनेट

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. गावच्या नळयोजनेचे उदाहरण घेतल्यास हा भेद चटकन ध्यानी येतो. टाकीतून नळाने घराच्या अंगणापर्यंत येणारे पाणी म्हणजे इंटरनेट. अंगणातील नळापासून न्हाणीघर, स्वयंपाकघर, परसदार येथपर्यंत ते नेण्याची घरातील व्यवस्था म्हणजे वायफाय. टाकीच कोरडी असेल तर घरात कितीही चांगले नळ बसवून उपयोग नाही. उलट, अंगणात पाणी भरपूर असूनही घरातील नळ गळका असेल, तर स्वयंपाकघरातील हंडा भरत नाही.

वायफाय ही रेडिओ लहरींवर चालणारी व्यवस्था आहे. अमेरिकेतील दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओ लहरींचे पट्टे परवान्याविना वापरण्यास खुले केले, आणि बिनतारी संगणक जोडणीचा मार्ग मोकळा झाला. या जोडणीचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये निश्चित झाले. त्याचा वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिट झाला आणि ‘वायफाय’ हे नावही त्याच सुमारास रूढ झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील मोठा भाग २०१८ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही खुला करण्यात आला. त्यामुळे घरी वायफाय बसविण्यासाठी कोणाच्याही परवान्याची गरज राहिलेली नाही. परवाना नसला तरी जबाबदारी मात्र आहे.

दारी कोणती तार आली आहे?

घरापर्यंत येणारी तार साधारणतः तीन प्रकारची असते, आणि तिच्या प्रकारावर पुढील मांडणी अवलंबून असते.

पहिला प्रकार दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेचा. या तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. दोहोंना वेगळे करणारी लहान डबी, म्हणजे स्प्लिटर, तारेच्या टोकाशी बसवितात. तिच्या एका तोंडातून दूरध्वनी संचाला व दुसऱ्या तोंडातून मोडेमला तार जाते. ही डबी न बसवता दूरध्वनी परस्पर जोडला, तर बोलताना खरखर ऐकू येते आणि इंटरनेट वारंवार तुटते.

दुसरा प्रकार गावातील किंवा मोहल्ल्यातील केबलचालकाकडून येणाऱ्या आठ बारीक तारांच्या जाड केबलचा. तिच्या टोकाला दूरध्वनीच्या पिनेसारखी, परंतु अधिक रुंद पिन असते. ही केबल थेट संगणकाला जोडता येते आणि राउटरलाही. एका सलग तुकड्याची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये, असे या केबलचे प्रमाण सांगते.

तिसरा आणि आता सर्वाधिक पसरत चाललेला प्रकार फायबरचा. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश येतो. घरात बसविलेली एक पेटी त्या प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करते. या तारेला खिळे ठोकणे, ती दाराच्या फटीत दाबणे, कोपऱ्यात घडी घातल्याप्रमाणे वाकविणे टाळावे. बाहेरून अखंड दिसत असली तरी आतील काच तडकलेली असू शकते. उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये; आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

आधी वेग मोजावा

नवा राउटर विकत आणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, सेवादाराने दिलेल्या पेटीतच वायफायची सोय आहे किंवा नाही. फायबरच्या अनेक पेट्यांत ती असते. तसे असल्यास लहान घराला दुसऱ्या राउटरची गरजच पडत नाही. पेटीच्या मागे किंवा तळाशी चिकटविलेल्या कागदावर वायफायचे नाव व पासवर्ड छापलेला असेल, तर ती सोय आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वेग. एखादा लॅपटॉप किंवा संगणक केबलने थेट पेटीला जोडून वेग मोजावा व तो वहीत टिपून ठेवावा. अंगणातील नळाचे पाणी मोजण्यासारखेच हे आहे. तारेवर ९५ मेगाबिट वेग मिळतो व खोलीत वायफायवर १०, तर दोष घरातील आहे. तारेवरच १० मिळत असेल, तर तक्रार सेवादाराकडे करावी. हा एक आकडा हाती असला की तंत्रज्ञाशी बोलताना ग्राहकाचा पक्ष भक्कम होतो.

येथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील फरक सांगणे अगत्याचे आहे. ८ बिटांचा १ बाइट होतो. सेवादार वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखविला जातो. १,००० मेगाबाइटचा एखादा चित्रफीत पाठ उतरवून घ्यायचा असेल, तर त्याचे ८,००० मेगाबिट होतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्यास उत्तम परिस्थितीत ८० सेकंद लागतील. १० मेगाबिटच्या जोडणीवर १३ मिनिटे २० सेकंद. हा हिशेब माहीत नसल्यामुळे जोडणी योग्य असूनही फसवणूक झाल्याची भावना अनेकांच्या मनात निर्माण होते.

राउटर घेताना तारेची तोंडेही पाहून घ्यावीत. जुन्या व स्वस्त राउटरची तोंडे १०० मेगाबिटपेक्षा अधिक वेग पेलू शकत नाहीत. अशा राउटरवर २०० मेगाबिटची जोडणी घेणे म्हणजे अरुंद नळावर मोठ्या पाण्याची पट्टी भरण्यासारखे आहे.

जोडणीचा क्रम

सर्व उपकरणांची वीज बंद करून कामास प्रारंभ करावा. राउटरच्या मागे बहुधा पाच तोंडे असतात. त्यांतील एक वेगळ्या रंगाचे किंवा थोडे बाजूला असते. त्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले असते. बाहेरून आलेली केबल, अथवा मोडेममधून किंवा फायबरच्या पेटीतून निघालेली केबल, याच तोंडात घालावी. उरलेली ‘लॅन’ची तोंडे घरातील संगणक, दूरदर्शन संच इत्यादींसाठी असतात. या दोहोंची अदलाबदल ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय.

त्यानंतर आधी मोडेम किंवा फायबरची पेटी सुरू करावी. तिचे दिवे स्थिर होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. मग राउटर सुरू करावा. संगणक ‘लॅन’च्या तोंडाला केबलने जोडावा व संगणकातील ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहावा. हा पत्ता राउटरच्या तळाशी छापलेला असतो; बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. टंकताना इंग्रजी अंक वापरावेत. पत्ता लिहिताच राउटरचे व्यवस्थापन पान उघडते. तेथे प्रवेश करण्याचे नाव व पासवर्डही तळाशीच छापलेला असतो.

या पानावर प्रथम इंटरनेट जोडणीचा प्रकार निवडावा लागतो. काही सेवादार ग्राहकास स्वतंत्र नाव व पासवर्ड देतात. हा प्रकार ‘पीपीपीओई’ या नावाने दिसतो. काहींकडे काहीही भरावे लागत नाही व राउटरला पत्ता आपोआप मिळतो. काही केबलचालक पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचा क्रमांक नोंदवून ठेवतात आणि दुसरे यंत्र जोडले की सेवा मिळत नाही. अशा वेळी त्यांना दूरध्वनी करून नव्या राउटरची नोंद करून घ्यावी. ही माहिती जोडणी घेतेवेळीच सेवादाराकडून लेखी मागून घेतली, तर पुढील खटाटोप वाचतो.

इंटरनेट सुरू झाल्याची खात्री झाल्यावर वायफायच्या भागात जाऊन नाव व पासवर्ड ठरवावा. नाव ठरविताना घरमालकाचे पूर्ण नाव, घर क्रमांक किंवा भ्रमणध्वनी क्रमांक वापरू नये. हे नाव रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही दिसते.

एका घरात दोन राउटर असल्यास

सेवादाराच्या पेटीत वायफाय असूनही मोठ्या घरासाठी दुसरा राउटर लावण्याची गरज पडते. येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. राउटर हा घरातील प्रत्येक उपकरणाला क्रमांक वाटून देतो. दोन्ही पेट्या एकाच वेळी हे काम करू लागल्या, तर एका चावडीत दोन तलाठी बसल्यासारखी अवस्था होते. एका नोंदीवर दुसरी नोंद चढते आणि उपकरणे अधूनमधून बंद पडतात.

यावर सोपा उपाय आहे. दुसऱ्या राउटरला प्रथम पहिल्यापेक्षा वेगळा पत्ता द्यावा. उदाहरणार्थ, पहिल्याचा १९२.१६८.१.१ असल्यास दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र पहिला राउटर इतर उपकरणांना वाटतो त्या क्रमांकांत तो नसावा. नंतर दुसऱ्या राउटरमधील क्रमांक वाटण्याची सोय, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावी. शेवटी पहिल्याच्या ‘लॅन’ तोंडातून निघालेली केबल दुसऱ्याच्याही ‘लॅन’ तोंडातच घालावी. ‘वॅन’ मोकळे ठेवावे. अशा रीतीने दुसरा राउटर केवळ वायफाय पसरविण्याचे काम करतो. अनेक नव्या राउटरांत हा पर्याय ‘ॲक्सेस पॉइंट’ या नावाने तयारच असतो. तो निवडल्यास वरील गोष्टी आपोआप होतात.

राउटरची जागा

राउटर कोठे ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत तार बसविणारा कामगारच देऊन जातो. दाराजवळ जेथून तार आत येते, तेथेच खिळा ठोकून पेटी टांगली जाते. कामगाराचे काम त्यामुळे लवकर उरकते, पण घराचे काम अडते.

रेडिओ लहरी दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे चहूबाजूंस पसरतात. घराच्या एका टोकाला ठेवलेल्या राउटरच्या निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाच्या रुंद भिंती, जाड मातीच्या भिंती, लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, पत्र्याची पार्टिशने, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी या सर्व गोष्टी लहरींना अडवितात. विटांची एक भिंत त्या सहज ओलांडतात; दगडी वाड्याच्या दोन भिंती ओलांडताना मात्र त्यांचा जीव जातो.

म्हणून राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, माजघरात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावा. तो कपाटात किंवा दूरदर्शन संचाच्या मागे ठेवू नये. मायक्रोवेव्ह भट्टीच्या शेजारी तर नकोच, कारण ही भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करते. मध्यभागापर्यंत तार नेण्यासाठी दहा-पंधरा मीटर केबलचा खर्च करावा लागला तरी तो करावा. महाग राउटर दाराशी टांगण्यापेक्षा साधा राउटर माजघरात ठेवणे पुष्कळदा अधिक लाभदायक ठरते.

अलीकडील राउटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. २.४ च्या लहरी दूरवर जातात व भिंती बऱ्यापैकी ओलांडतात. परंतु शेजारीपाजारी सर्वांची गर्दी याच पट्ट्यात असते. ५ च्या लहरी वेगवान, पण कमी पल्ल्याच्या. ज्या खोलीत राउटर आहे तेथे ५ व परसदारी २.४ वापरणे सोयीचे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ या तीनच होत. चाळीत किंवा सदनिकांच्या इमारतीत शेजाऱ्यांशी बोलून या तीन वाहिन्या वाटून घेतल्या, तर सर्वांचेच काम सुधारते.

काही दुकानदार ‘रिपीटर’ नावाचे उपकरण सुचवितात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. त्यामुळे त्याच्यापुढे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय जेथे मुळात लहरी पोहोचत नाहीत तेथे तो लावला, तर पुढे पाठविण्यास त्याच्यापाशी काहीच नसते. केबल नेणे शक्य असेल तेथे केबल नेऊन दुसरा राउटर बसविणे हाच खात्रीचा मार्ग होय.

उघडे वायफाय : नवी मुंबईचा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले व पन्नासहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. तो कोठून आला याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोहोचल्या. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केला होता. तरीही चौकशी आणि संगणकाची तपासणी यांस त्याला सामोरे जावे लागले, आणि सारे प्रकरण देशभरच्या वृत्तपत्रांत गाजले.

हे कसे घडू शकते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. घरात दहा उपकरणे असली, तरी बाहेरच्या जगाला ती सर्व मिळून एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. तो पत्ता सेवादाराच्या नोंदीत ग्राहकाच्या नावावर असतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने त्या वायफायचा वापर केला, तरी नोंद पडते ती ग्राहकाच्याच नावाने. या घटनांनंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवादारांना वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. तथापि सूचना कितीही निघाल्या, तरी घराचे कुलूप घरधन्यानेच लावावयाचे असते.

त्यासाठी दोन स्वतंत्र किल्ल्या लागतात. पहिली किल्ली वायफायचा पासवर्ड. सुरक्षा प्रकारात ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ मध्ये आलेला ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावा. ‘वेप’ हा जुना प्रकार २००१ मध्येच फोडला गेला आहे; तो वापरणे म्हणजे दाराला सुतळी बांधण्यासारखे आहे. पासवर्ड बारा किंवा अधिक अक्षरांचा असावा. घरातील मुलाचे नाव, गाडीचा क्रमांक, जन्मतारीख हे सर्व गावाला ठाऊक असते. त्याऐवजी एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून त्यांच्या मध्ये एखादा अंक टाकावा. तो ध्यानात राहतो आणि इतरांना ओळखता येत नाही.

दुसरी किल्ली राउटरच्या व्यवस्थापन पानाची. कारखान्यातून आलेला हा पासवर्ड कित्येक राउटरांत सारखाच असतो व तो कोणासही शोधून काढता येतो. पहिली किल्ली बदलणारे पुष्कळ असतात, दुसरी बदलणारे थोडे. ती न बदलल्यास वायफायवर आलेला पाहुणा घराचाच मालक होऊन बसू शकतो. दोन्ही पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत, वहीत लिहून वही कपाटात ठेवावी, आणि तंत्रज्ञ काम करून गेल्यावर दोन्ही बदलावेत. बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. तिच्या क्रमांक पद्धतीतील उणीव २०११ मध्ये उघड झाली आहे. राउटरच्या अंतर्गत प्रणालीची सुधारित आवृत्ती उपलब्ध असल्याचे पानावर दिसल्यास ती वीजपुरवठा स्थिर असताना घ्यावी.

शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालय

घराला लागू पडणारे हेच नियम शाळा व ग्रामपंचायत कार्यालयास अधिक काटेकोरपणे लागू पडतात, कारण तेथे प्रश्न केवळ एका कुटुंबाचा नसतो.

ज्या संगणकावर दाखले, कराच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांची माहिती ठेवलेली असते, तो वायफायवर न ठेवता केबलने जोडावा. केबलची जोडणी अधिक स्थिर असते. भेटीस येणाऱ्यांना किंवा प्रशिक्षणासाठी आलेल्यांना इंटरनेट द्यावयाचे असल्यास राउटरमधील ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांचे वायफाय स्वतंत्रपणे सुरू करावे. त्यामुळे पाहुण्यांना इंटरनेट मिळते, मात्र कार्यालयातील संगणकांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. कार्यालयाचा मुख्य पासवर्ड फळ्यावर किंवा सूचना फलकावर लिहिण्याची पद्धत तत्काळ थांबवावी.

गावकऱ्यांसाठी सार्वजनिक वायफाय सुरू करण्याची इच्छा असलेल्या ग्रामपंचायतींनी कार्यालयाची जोडणी सरसकट खुली करू नये. त्यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ ही व्यवस्था मंजूर केली आहे. तिच्यात किराणा दुकानदारासारखा छोटा व्यावसायिकही परवान्याविना सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, आणि वापरणाऱ्याची ओळख पटविण्याची तरतूद व्यवस्थेतच आहे.

वीज जाणे ही ग्रामीण भागातील नित्याची अडचण. गावात वीज नसली तरी फायबरच्या तारेतील संदेश पुष्कळदा चालूच असतो. बंद पडते ती घरातील पेटी. पेटी आणि राउटर यांस वीज फारच थोडी लागते. त्यांच्यासाठी मिळणारे छोटे यूपीएस बसविल्यास काही तास काम चालते. मात्र अडॅप्टरवर ५, ९ की १२ व्होल्ट लिहिले आहे, हे पाहूनच यूपीएस घ्यावे; चुकीच्या दाबाने पेटी जळते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यावर अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा. दूरध्वनीची तांब्याची तार असल्यास तीही मोडेममधून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

बंद पडल्यास काय पहावे?

इंटरनेट बंद पडताच राउटरचे ‘रीसेट’ छिद्र टोचण्याची घाई करू नये. त्यामुळे सर्व मांडणी पुसली जाते. त्याऐवजी बाहेरून आत या क्रमाने पाहणी करावी. फायबरच्या पेटीवर लाल दिवा असेल, तर दोष बाहेरच्या तारेत आहे, सेवादारास कळवावे. पेटीचे दिवे ठीक असून राउटरचा इंटरनेटचा दिवा बंद असेल, तर मधली केबल तपासावी. दोन्ही ठीक असतील, तर संगणक केबलने जोडून पहावा. केबलवर चालते व वायफायवर चालत नाही, असे आढळल्यास दोष वायफायच्या मांडणीत आहे. एकाच भ्रमणध्वनीवर चालत नसेल, तर दोष त्या भ्रमणध्वनीत आहे. दोन्ही पेट्या बंद करून अर्ध्या मिनिटाने क्रमाने सुरू केल्यास अनेक किरकोळ दोष आपोआप दूर होतात. या पाच पायऱ्या कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटविल्यास घरातील कोणासही दोष कोठे आहे ते सांगता येईल.

समारोप

खांबापासून दारापर्यंत तार आणण्यासाठी मोठा सार्वजनिक व खासगी पैसा खर्च झाला आहे आणि होत आहे. त्या खर्चाचे चीज व्हावयाचे, तर दारापासून पुढची तीस पावले सुजाणपणे टाकली गेली पाहिजेत. मध्यभागी ठेवलेला राउटर, वहीत टिपलेला वेगाचा एक आकडा, बदललेले दोन पासवर्ड आणि क्रमाने दोष शोधण्याची सवय, एवढी शिदोरी त्यासाठी पुरेशी आहे. यातील एकही गोष्ट तंत्रज्ञाशिवाय होऊ शकत नाही अशी नाही. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना एका तासात हे सारे प्रत्यक्ष दाखविता येईल, आणि ग्रामसभेपूर्वीच्या अर्ध्या तासात ग्रामपंचायत सदस्यांनाही समजावून देता येईल. शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी पुढाकार घेऊन आपल्या शाळेचा व कार्यालयाचा राउटर प्रथम तपासला, तर गावातील घरांपुढे त्याचा वस्तुपाठ राहील.